वरून पाहणं आणि वरवर पाहणं

'जरा स्टेप बॅक घेऊ', 'झूम आउट करून बघा', 'बिग पिक्चर लक्षात घ्या', 'मला फक्त थर्टी थाउजंड फूट व्ह्यू द्या'. ही वाक्यं आता कंपन्यांच्या मीटिंगांपुरती राहिलेली नाहीत. शिक्षकांची प्रशिक्षणं, संस्थांचे अहवाल, टीव्हीवरच्या चर्चा, सगळीकडे ती ऐकू येतात. मराठी समीक्षेत ती थोडी सोवळं नेसून येतात: विहंगावलोकन, व्यापक परिप्रेक्ष्य, विस्तृत पट. नाव कुठलंही असो, सूचना एकच असते. आहात तिथून मागे सरका किंवा वर चढा, म्हणजे नीट दिसेल.

जास्त दिसणं म्हणजे चांगलं दिसणं, हे या सूचनेतलं गृहीतक. ते इतकं अंगवळणी पडलं आहे की गृहीतक म्हणून जाणवतही नाही. जवळून पाहण्यासाठीही इंग्रजीत शब्द आहेत: क्लोज लुक, ऑन द ग्राउंड, डाउन टू अर्थ. पण त्यांची प्रतिष्ठा वेगळी. डिटेल्समध्ये जाणारा माणूस कामाचा ठरतो आणि बिग पिक्चर पाहणारा माणूस मोठ्या पदाचा. झाडांमुळे रान न दिसण्याबद्दलची इंग्रजी म्हण जॉन हेवुडच्या १५४६ मधल्या म्हणींच्या संग्रहात सापडते आणि आजही रोजच्या वापरात आहे. रानाच्या नादात झाड न दिसण्याचा दोषही तितकाच खरा आहे, पण त्यासाठी तितकी रुळलेली म्हण इंग्रजीत नाही.

या वाक्प्रचारांची 'कॉर्पोरेट भाषा' म्हणून टवाळी भरपूर झाली आहे. त्यात आणखी भर घालण्यात अर्थ नाही. मला त्यांच्याकडे पाहावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. ज्या भाषेत ते घडले, तिच्याच शब्दांत आणि कवितेत त्यांच्यावरची सर्वांत चांगली टीकाही आहे. आपण शब्द उचलले. टीका मात्र तिथेच राहून गेली.

पक्ष्याची नजर, माणसाचे पाय

सुरुवात 'बर्ड्स-आय व्ह्यू'पासून करू. पक्ष्याच्या डोळ्याने पाहिलेलं दृश्य. विमानं आली, माणूस वर गेला आणि मग त्याला असं दृश्य दिसलं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चित्र आधी आलं, माणूस वर गेला तो नंतर.

१५०० साली व्हेनिस शहराचं एक प्रचंड चित्र प्रसिद्ध झालं. याकोपो दे' बार्बारी या चित्रकाराचं. सहा मोठ्या लाकडी ठशांवरून सहा कागदांवर छापलेलं, सगळे कागद जोडले की जवळपास पावणेतीन मीटर रुंद. कालवे, चौक, छपरं, गच्च्या, धुराडी, नावा, सगळं आकाशातून पाहावं तसं दिसतं. पहिला मानवी बलून उडायला तेव्हा पावणेतीनशेहून जास्त वर्षं अवकाश होता. व्हेनिस असं दिसताना कोणीही पाहिलेलं नव्हतं. मग ते काढलं कसं? युर्गन शुल्ट्झ या कला-इतिहासकाराने १९७८ साली या चित्राचा बारकाईने अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा की शहरातल्या अनेक उंच जागांवरून, विशेषतः चर्चच्या घंटांच्या मनोऱ्यांवरून काढलेली पुष्कळ वेगवेगळी रेखाटनं नंतर एकत्र बसवून हे चित्र तयार झालं. प्रकाशक आंतोन कोल्ब याने सरकारकडे केलेल्या अर्जात या कामाला तीन वर्षं लागल्याचं नमूद आहे.

म्हणजे त्या काळातल्या सर्वांत भव्य विहंगम दृश्यामागे कोणताही विहंग नव्हता. होते ते जिने चढणारे-उतरणारे पाय, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर नेलेले कागद, आणि या गच्चीची त्या गच्चीशी घातलेली सांगड. चित्र पाहताना ही मेहनत दिसत नाही. पाहणारा एकदम आकाशात असतो.

पुढे माणूस खरोखर वर गेला. १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅक याने बलूनमधून बॉस्टनचं छायाचित्र काढलं. आज शिल्लक असलेलं हे सर्वांत जुनं हवाई छायाचित्र. गरुडाला आणि रानहंसाला दिसतं तसं बॉस्टन, असं त्याचं नाव पडलं. फरक एवढाच की आता मनोरे चढावे लागले नाहीत. दोर सोडले, वर गेलं, काच उघडली की झालं. इथून पुढे व्यापक दृश्य ही फक्त उंचीची बाब वाटू लागली. आजच्या 'झूम आउट'मध्ये तर उंचीचेही कष्ट नाहीत, दोन बोटं पुरतात. व्हेनिसच्या चित्रात विस्तार जुळवाजुळवीतून आला होता, आणि ही गोष्ट वाक्प्रचाराच्या विस्मरणात गेली आहे.

हुकमी दृश्य

इंग्रजीत टेकडीवरच्या घराला 'कमांडिंग व्ह्यू' असतो. ते घर दृश्यावर हुकूम चालवतं. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे समोर पसरलेला देखावा आणि 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे भविष्यात मिळकतीची आशा. 'सर्व्हे' म्हणजे नजर फिरवणं आणि 'सर्व्हे' म्हणजे जमिनीची मोजणी. हे दुहेरी अर्थ योगायोगाने चिकटलेले नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये टेकडीवर उभं राहून दूरवर पाहणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा खालच्या जमिनीची मालकी असे, किंवा मालकाच्या घरचा पाहुणचार तरी.

याच काळात टेकडीवरून पाहण्याच्या कवितेची एक परंपराच इंग्रजीत तयार झाली. तिचं पहिलं ठळक उदाहरण म्हणजे १६४२ साली प्रसिद्ध झालेली जॉन डेनहॅमची 'कूपर्स हिल'. कवी टेकडीवर उभा आहे आणि लंडन दुरून दिसतं आहे. तिथली संपत्ती, उलाढाल, गर्दी हे सगळं त्याला इतक्या अंतरावरून एका काळसर ढगासारखं वाटतं. डेनहॅम प्रामाणिक आहे. गर्दीचा ढग झाला तो अंतरामुळे, हे तो सांगून टाकतो. पुढच्या शतकात हे सांगणं मागे पडत गेलं आणि ढगालाच लोक देखावा म्हणू लागले. रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' या १९७३ च्या पुस्तकात यावर बोट ठेवलं आहे. जिथे राबायचं असतं त्या जमिनीला राबणारा माणूस 'देखावा' म्हणून क्वचितच पाहतो. देखाव्याच्या कल्पनेत पाहणारा आणि राबणारा वेगळे झालेले असतात, हा त्याचा मुद्दा.

गंमत अशी की भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं. 'ओव्हरलुक' या क्रियापदाचा एक अर्थ वरून दिसणं आणि दुसरा अर्थ नजरेतून सुटणं. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे चूक. आणि 'ओव्हरसीअर'? १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये गरिबांवर नेमलेला अधिकारी हा ओव्हरसीअर. वेस्ट इंडीज आणि अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांकडून काम करून घेणाराही ओव्हरसीअरच. वरून पाहण्याच्या क्रियेतच काहीतरी सुटण्याची आणि कोणीतरी दबण्याची सोय असते, हे या शब्दांनी शतकानुशतकं पोटात बाळगलं आहे. मॅनेजमेंटच्या भाषेने त्यातला एकच अर्थ घेतला.

'सर्व्हे' हा शब्द आपल्याकडे आला तोही असाच. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जमिनीची मोजणी सुरू केली. रिकार्डोच्या अर्थशास्त्रातून घेतलेली निव्वळ उत्पन्नाची कल्पना शेताशेताला लावून सारा ठरवायचा, असा बेत. कागदावर तो निर्दोष होता. जमिनीवर आकारणी इतकी जड झाली की लोकांनी शेतं सोडली. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना ते काम नव्याने करावं लागलं. सिद्धान्त मोठा होता, आवाकाही मोठा होता. त्या उंचीवरून माती मात्र दिसली नव्हती. 'सर्व्हे नंबर' हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आज इतका मुरला आहे की तो कधीकाळी फक्त 'पाहणं' या अर्थाचा होता हे सांगूनही पटू नये.

क्षितिजाच्या कडेला गेलेला मुलगा

टेकडीवरच्या कवितेला खरं उत्तर दिलं ते सपाट प्रदेशातल्या एका कवीने. जॉन क्लेअर १७९३ साली नॉर्दम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावी शेतमजुराच्या घरी जन्मला. १८०९ साली संसदेच्या कायद्याने त्याच्या गावाच्या सामायिक जमिनीला कुंपणं घालण्याचं ठरलं आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत ते पुरं झालं. मोजणीदार आले, नकाशा झाला, रस्ते सरळ झाले, ओढ्याकाठची झाडं गेली, गुरं चारायची मोकळी रानं खासगी झाली. गावाचं हे नवं रूप वरून पाहिलं तर सुबक दिसलं असतं. क्लेअरने ते खालून पाहिलं आणि आयुष्यभर लिहिलं.

त्याच्या आत्मकथनपर लेखनात लहानपणाचा एक प्रसंग आहे. क्षितिजाच्या रेषेपाशी जग संपतं आणि तिथे जाऊन खाली डोकावता येतं, अशा समजुतीने हा मुलगा रानातून चालत सुटला. चालता चालता तो आपल्या ओळखीच्या मुलखाबाहेर गेला. तिथे त्याला नवं जग सापडल्याचा आनंद आधी झाला नाही. झालं ते वेगळंच: रानफुलंही आपल्याला विसरली आहेत, असं त्याला वाटू लागलं. 'ब्रॉडन युअर होरायझन्स' असं आपण तरुणांना सहज सांगतो. क्षितिज ओलांडताना माणूस काहीतरी मागे टाकत असतो, ज्या जागेला तो माहीत होता ती जागा मागे टाकत असतो, हे त्या सल्ल्यात कुठे येत नाही. क्लेअर ते सांगू शकला, कारण त्याच्यासाठी ज्ञान म्हणजे ओळख होती, आणि ओळख दोन्ही बाजूंनी असावी लागते.

जॉन बॅरल या समीक्षकाने १९७२ साली क्लेअरवर लिहिलेल्या पुस्तकात हे फार नीट उलगडलं आहे. अठराव्या शतकातला निसर्गकवी डोळा आधी थेट क्षितिजापर्यंत नेतो आणि मग मधल्या वस्तू त्या चौकटीत रचतो. क्लेअरच्या कवितेत अशी रचना नाही. एक गोष्ट, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि सगळ्या एकाच वेळी हजर. म्हणूनच क्लेअरच्या पक्ष्यांच्या घरट्यांवरच्या कविता मला 'बर्ड्स-आय व्ह्यू'चं नेमकं उत्तर वाटतात. पक्ष्याच्या जागी जाऊन जग पाहण्याची हाव त्यांत नाही. क्लेअर गुडघ्यांवर रांगत काटेरी झुडपात शिरतो, नाइटिंगेलचं घरटं कशाकशाचं विणलंय ते पाहतो, अंड्यांचा रंग सांगतो आणि पक्षीण घाबरू नये म्हणून मागे सरकतो. इथे 'स्टेप बॅक' आहेच. पण ते समोरच्या जिवासाठी आहे.

कोण कोणाला सांगतं

वाक्प्रचाराचा अर्थ शब्दकोशात जितका असतो तितकाच तो बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जागेत असतो. 'बिग पिक्चर बघ' हे वाक्य वरून खाली जातं. पगार कापला गेलेल्याला ते ऐकवलं जातं, ज्याची शेती धरणाखाली जाणार आहे त्याला ऐकवलं जातं. 'पुट इट इन पर्स्पेक्टिव्ह' हेही बहुधा दुखावलेल्या माणसाला सांगतात. तुझं दुःख तुला मोठं दिसतंय कारण तू त्याच्या फार जवळ आहेस. दूर हो, ते लहान होईल. चित्रकलेच्या नियमाने हे बरोबर आहे. दूरची वस्तू लहान दिसते. पण लहान दिसणारी वस्तू लहान नसते, हेही त्याच नियमात सांगितलेलं आहे, आणि ते कोणी सांगत नाही.

उंचीचं नेतृत्वाशी असलेलं नातं पुढे कागदोपत्रीही आलं. शेल या तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात 'हेलिकॉप्टर' नावाचा एक गुणच होता: प्रश्नाच्या वर उठून त्याचा सगळा संदर्भ पाहण्याची क्षमता. १९८० च्या दशकात सिंगापूरच्या प्रशासनाने ही पद्धत उचलली. हेलिकॉप्टर हा शब्द मूळ कल्पनेत बरा होता, कारण हेलिकॉप्टर वर जातं तसं हव्या त्या जागी खालीही उतरतं. शेलच्या त्या यादीत वास्तवाचं भान हा वेगळा गुणही होता. वापरात मात्र उतरण्याचा भाग गळाला. तीस हजार फुटांवरून जाणारं प्रवासी विमान मधल्या गावी उतरत नाही.

आपला उंट

मराठीचा स्वभाव इथे थोडा निराळा आहे. वरून पाहण्याला आपण 'वरवर पाहणं' म्हणतो आणि त्याचा अर्थ उथळपणे पाहणं. डोंगर दुरून साजरे. निरुद्योगी देखरेख म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. जनावराचं डोकं रांजणात अडकलेलं. सल्ला द्यायला आलेला शहाणा उंटावरून उतरायला तयार नाही. त्याला उंटासकट आत घेण्यासाठी घर पाडायचं, आणि मग त्याच्या सल्ल्याने जनावराची मानही कापायची. सल्ला मूर्खपणाचा होता हा गोष्टीचा एक भाग. सल्ल्याची सुरुवात न उतरण्यापासून झाली, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मराठी शहाणी आणि इंग्रजी मूर्ख असं ठरत नाही. विहिरीतल्या बेडकालाही आपण तेवढंच हसतो. कूपमंडूक ही शिवी आहे आणि ती योग्य शिवी आहे. गावकी, भावकी, जात, आपली गल्ली यांच्या बाहेर न पाहणाऱ्या नजरेने काय काय केलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे. विहिरीबाहेर यावंच लागतं. प्रश्न इतकाच की बाहेर आल्यावर उंटावर चढलंच पाहिजे का?

मराठी समीक्षा बरेचदा चढते. साठोत्तरी, ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी असे प्रवाह वरून छान दिसतात, नकाशावरच्या नद्यांसारखे. चर्चासत्रातल्या निबंधात दोन-तीन पानांत पन्नास नावं येतात, प्रत्येकाला एक विशेषण. कवितासंग्रहाचं परीक्षण 'जागतिकीकरणोत्तर परिप्रेक्ष्यात' सुरू होतं आणि संग्रहातल्या एका ओळीपाशीही न थांबता संपतं. तो कवी त्या प्रवाहाचा नमुना ठरतो. त्याने एखादा शब्द असाच का वापरला, हा प्रश्न इतक्या उंचीवर ऐकू येत नाही.

दुरून वाचण्याचा पुरस्कार फ्रँको मोरेत्ती यानेही केला आहे. 'डिस्टंट रीडिंग' ही कल्पना त्याने २००० साली मांडली: जगातलं सगळं साहित्य एकेक पुस्तक वाचून कोणालाच कळणार नाही, म्हणून अंतर स्वीकारा. पण त्यात प्रत्यक्ष पुस्तक हातातून निसटतं, ही किंमत तो स्वतः सांगतो, आणि दुसऱ्यांनी केलेल्या जवळच्या वाचनावर आपण अवलंबून आहोत हेही मान्य करतो. त्याच्याशी वाद घालता येतो, कारण त्याने हिशेब मांडला आहे. आपल्याकडच्या विहंगावलोकनात हिशेब नसतो. अंतर असतं, पण ते अभ्यासाची पद्धत म्हणून घेतलेलं नसतं. पुस्तक न वाचल्याचं ते बरंचसं पांघरूण असतं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा नामवंत नाटककार होते. या संग्रहाला मराठी कवितेच्या इतिहासात एक खण देऊन मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी काय केलं, तर आपल्याला न कळलेले शब्द ढसाळांना विचारले आणि तो न कळण्याचा भाग प्रस्तावनेत राहू दिला. आपलं पांढरपेशं जग कुठे संपतं आणि हे जग कुठून सुरू होतं, ती सीमा त्यांनी दाखवली आणि तिच्यापाशी उभं राहून लिहिलं. ती प्रस्तावना आजही वाचली जाते, कारण तिने वाचकाला उंची दिली नाही, रस्ता दिला.

खांदे

व्यापक दृष्टीच्या इंग्रजी वाक्प्रचारांत एक मात्र बाकीच्यांहून वेगळा आहे: राक्षसांच्या खांद्यांवर उभं राहून दूरचं पाहणं. न्यूटनच्या हूकला लिहिलेल्या पत्रामुळे तो प्रसिद्ध झाला, पण बाराव्या शतकातल्या बर्नार्ड ऑफ शार्त्र याच्या नावावर तो त्याआधीपासून आहे. जॉन ऑफ सॉल्झबरीने ११५९ च्या ग्रंथात तशी नोंद केली आहे. या प्रतिमेतही उंची आहे. पण ती रिकामी नाही. खाली कोणाचे तरी खांदे आहेत, त्यांना भार जाणवतो आणि वरचा बुटका आहे हे त्याला माहीत आहे. टेकडी, पक्षी, हेलिकॉप्टर, तीस हजार फूट यांपैकी कशातच खालचा माणूस नाही.

व्यापक दृष्टी नको, असं म्हणण्याची चैन आपल्याला परवडणार नाही. हवामान, भाषांचं मरणं, स्थलांतर, एका शतकाची कविता या गोष्टी एका घरट्यापाशी बसून कळत नाहीत. पण कोणी मोठं चित्र दाखवू लागलं की त्याला दोन साधे प्रश्न विचारता येतात. हे किती मनोऱ्यांवरून काढलं? आणि यातल्या एखाद्या छपराकडे बोट दाखवलं, तर त्या घरात कोण राहतं ते सांगता येईल का? दे' बार्बारीला निदान पहिल्याचं उत्तर देता आलं असतं. समीक्षकाला दोन्हींचं देता आलं पाहिजे, कारण त्याच्या चित्रातली छपरं म्हणजे पुस्तकं आहेत, आणि ती उघडायला उंटावरून उतरण्यापलीकडे काही लागत नाही.